काळ्या मोहऱ्यांसाठी ओपनिंगचा संच : अभ्याससाहित्य कसे शोधावे, कसे पारखावे

बुद्धिबळाच्या ओपनिंगमध्ये, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींत, पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणारा पहिली चाल आपल्या मर्जीने निवडतो आणि काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्याला त्याच्या प्रत्येक निवडीला उत्तर तयार ठेवावे लागते. केवळ ई४ (म्हणजे पहिल्या चालीला राजापुढचे प्यादे ई४ या घरावर) खेळणाऱ्या खेळाडूला पांढऱ्या बाजूने डी४ च्या डावांकडे ढुंकूनही न पाहता वर्षानुवर्षे स्पर्धा खेळता येतात. काळ्या बाजूने मात्र त्याच खेळाडूला ई४, डी४, सी४ आणि घोडा एफ३ या चार प्रमुख चालींपैकी एकही टाळता येत नाही, आणि अधूनमधून समोर येणाऱ्या बी३ किंवा एफ४ यांसारख्या चालींनाही तोंड द्यावेच लागते. म्हणून काळ्यासाठी अभ्याससाहित्य शोधण्याचे काम वेगळ्या पद्धतीने करावे लागते. पुस्तके, व्हिडिओ, कोर्स आणि डेटाबेस यांचा आज तुटवडा नाही. अनेक होतकरू खेळाडूंच्या संगणकात एकदाही न उघडलेल्या पीजीएन फाइली (डावांच्या चाली साठवणाऱ्या फाइली) साठून असतात. उणीव असते ती कोणत्या प्रश्नासाठी कोणते साधन उघडायचे याच्या स्पष्टतेची. आपल्या डावांत नेमके कुठे अडते हे आधी हेरावे आणि त्या अडलेल्या जागेसाठीच साहित्य शोधावे, असे माझे ठाम मत आहे.

हे विवेचन हवेत राहू नये म्हणून मी एक ठरावीक संच उदाहरणासाठी घेतो : ई४ विरुद्ध कॅरो-कान आणि डी४ विरुद्ध स्लाव्ह हे दोन बचाव. वाचक म्हणून डोळ्यांसमोर आहे तो मानांकन स्पर्धा खेळणारा, साधारण १४०० ते १९०० फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) मानांकनाच्या टप्प्यातला खेळाडू. मार्च २०२४ पासून फिडेचे मानांकन १४०० पासूनच सुरू होते, त्यामुळे नव्याने मानांकन मिळालेला शाळकरी खेळाडू आणि नोकरी सांभाळून रविवारी स्पर्धा खेळणारा प्रौढ, असे दोघेही या टप्प्यात एकमेकांसमोर बसतात. दोघांकडेही वेळ मोजकाच असतो.

आधी सांगाडा, मग खरेदी

साहित्य शोधायला बसण्यापूर्वी एका कागदावर आपल्या संचाचा सांगाडा लिहून काढावा. कॅरो-कान म्हणजे १. ई४ सी६ २. डी४ डी५ (क्रमांकानंतर आधी पांढऱ्याची, मग काळ्याची चाल; नुसते घर लिहिले तर प्याद्याची चाल; क्रमांकापुढची तीन टिंबे म्हणजे काळ्याची चाल, × म्हणजे मारणे, + म्हणजे शह). होराशिओ कॅरो आणि मार्कुस कान यांनी १८८६ मध्ये या बचावाचे विश्लेषण प्रसिद्ध केले आणि त्या दोघांचे नाव त्याला मिळाले. स्लाव्ह म्हणजे १. डी४ डी५ २. सी४ सी६. दोन्हींत काळ्याची प्यादी सी६ आणि डी५ या घरांवर उभी राहतात, दोन्हींत सी८ वरच्या उंटाला ई६ खेळण्यापूर्वी बाहेर काढण्याची इच्छा असते आणि दोन्हींत पुढे सी५ ही चाल केव्हा करायची हा कळीचा प्रश्न असतो. म्हणजे एका बचावासाठी जमवलेले साहित्य दुसऱ्या बचावाच्या समजुतीतही भर घालते. त्यातच १. सी४ ला सी६ असे उत्तर दिले आणि पांढऱ्याने २. ई४ डी५ असा मार्ग धरला तर डाव कॅरो-कानमध्येच येऊन मिळतो; १. घोडा एफ३ डी५ २. सी४ सी६ नंतर पांढऱ्याने डी४ खेळले तर तो स्लाव्ह होतो. सिसिलियनचा नायडॉर्फ आणि किंग्ज इंडियन अशी जोडी घेणाऱ्याला दोन स्वतंत्र जगे शिकावी लागतात. ती जगे मोहक आहेत यात शंका नाही, पण आठवड्याला चार-पाच तासच मिळत असतील तर सी६-डी५ ची जोडी अधिक शहाणपणाची आहे.

कागदावर डाव्या बाजूला पांढऱ्याच्या चाली लिहाव्यात. ई४ नंतर कॅरो-कानमध्ये पांढऱ्याकडे ३. ई५ चे अॅडव्हान्स व्हेरिएशन (शाखा) आहे, ३. ई×डी५ सी×डी५ नंतर उंट डी३ चे एक्सचेंज आणि सी४ चा पानोव्ह हल्ला आहे, ३. घोडा सी३ ची मुख्य शाखा आहे, ३. एफ३ चे फँटसी व्हेरिएशन आहे आणि डी४ न खेळता दोन्ही घोडे बाहेर काढणारे टू नाइट्स आहे. डी४ नंतरच्या रकान्यात स्लाव्हची मुख्य शाखा, ३. सी×डी५ चे एक्सचेंज आणि ई३ ची संथ पद्धत हे लिहून थांबू नये. सी४ न खेळता २. उंट एफ४ खेळणारी लंडन पद्धत आणि कॉले पद्धत यांनाही जागा द्यावी. क्लब पातळीवर डी४ खेळणाऱ्यांपैकी अनेक जण दुसऱ्या चालीला सी४ खेळतच नाहीत, आणि स्लाव्हवरची बहुतेक पुस्तके त्यांच्याविषयी एक अक्षरही लिहीत नाहीत, कारण त्यांचा विषयच २. सी४ नंतर सुरू होतो. स्लाव्हवरचे जाडजूड पुस्तक विकत घेतलेला खेळाडू लंडन पद्धतीपुढे गोंधळतो तो याच कारणाने.

उजव्या बाजूला प्रत्येक चालीपुढे आपले उत्तर लिहावे. जिथे लिहिता येत नाही ती जागा कोरी ठेवावी. या कोऱ्या जागा म्हणजेच आपली शोधयादी.

शोध घेताना ईसीओ संकेतांक फार उपयोगी पडतात. बेलग्रेडच्या बुद्धिबळ विश्वकोशातून रूढ झालेल्या या पद्धतीत कॅरो-कानला बी१० ते बी१९ आणि स्लाव्हला डी१० ते डी१९ असे क्रमांक आहेत. त्यातही अॅडव्हान्स आणि फँटसी बी१२ मध्ये, एक्सचेंज आणि पानोव्हचा बराचसा भाग बी१३ मध्ये, तर ४... उंट एफ५ चे क्लासिकल बी१८ आणि बी१९ मध्ये मोडते. नावांचे स्पेलिंग आणि रूपे प्रत्येक संकेतस्थळावर बदलतात, संकेतांक बदलत नाहीत.

मोफत साधनांपैकी पहिले : लिचेसचा ओपनिंग एक्सप्लोरर

पैसे खर्च करण्यापूर्वी लिचेस या विनामूल्य संकेतस्थळावर खाते उघडावे आणि विश्लेषण पटाशेजारचा ओपनिंग एक्सप्लोरर नीट शिकून घ्यावा. त्यात तीन वेगवेगळे साठे आहेत. पहिला मास्टरांचा, ज्यात २२०० पेक्षा अधिक फिडे मानांकन असलेल्या खेळाडूंचे १९५२ पासूनचे प्रत्यक्ष पटावरचे डाव आहेत. दुसरा लिचेसवर खेळल्या गेलेल्या सर्वसामान्य डावांचा. तिसरा एखाद्या विशिष्ट खेळाडूचा, त्यात आपले स्वतःचे नाव टाकले तर आपल्याच डावांचा नकाशा समोर येतो. अनेक जण फक्त पहिला साठा पाहतात आणि तिथेच त्यांच्या अभ्यासाची दिशा चुकते, कारण ग्रँडमास्टर ज्या चाली खेळतात त्या आपल्यासमोरचा प्रतिस्पर्धी खेळेलच असे नाही.

दुसऱ्या साठ्यात मानांकनाचा पट्टा आणि डावाचा वेग निवडता येतो. लिचेसवरचे मानांकन फिडेपेक्षा बरेच वर असते हे लक्षात घेऊन आपल्या लिचेस मानांकनाच्या आसपासचे दोन पट्टे निवडावेत, बुलेट (अतिजलद) डाव वगळावेत आणि रॅपिड व क्लासिकल ठेवावेत. मग २... डी५ नंतरची स्थिती मांडून पांढऱ्याच्या तिसऱ्या चालींचा क्रम पाहावा. मास्टरांच्या साठ्यापेक्षा तो निराळा असतो, आणि एक्सचेंज, अॅडव्हान्स आणि डी४ टाळणारे मार्ग आपल्या वाट्याला किती येणार आहेत हे चटकन कळते. त्या क्रमाने आपली शोधयादी पुन्हा लिहावी. ज्या शाखेशी दहा डावांत चारदा गाठ पडणार तिला आधी वेळ द्यावा आणि जी वर्षातून एकदा येणार तिच्यासाठी एक सुरक्षित उत्तर पाठ असले तरी पुरे.

टक्केवारी वाचताना घाई करू नये. एखाद्या चालीपुढे काळ्याच्या विजयाचा मोठा पट्टा दिसला तरी डावांची संख्या तीस-चाळीसच असेल तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. शिवाय कमकुवत चालही कमी मानांकनाच्या पट्ट्यात यशस्वी दिसू शकते, कारण तिचे खंडन तिथे कोणाला माहीत नसते. म्हणून एकच स्थिती दोन्ही साठ्यांत ताडून पाहावी.

याचे एक उदाहरण पटावर मांडून पाहण्यासारखे आहे. कॅरो-कानच्या मुख्य शाखेत ३. घोडा सी३ डी×ई४ ४. घोडा×ई४ नंतर काळा उंट एफ५ खेळतो, ५. घोडा जी३ उंट जी६ ६. एच४ एच६ होते आणि काळ्याची स्थिती भक्कम असते. आता टू नाइट्स घ्यावे : १. ई४ सी६ २. घोडा सी३ डी५ ३. घोडा एफ३ डी×ई४ ४. घोडा×ई४. सवयीने काळा इथेही उंट एफ५ खेळतो, ५. घोडा जी३ उंट जी६ ६. एच४ एच६, आणि इथे फरक पडतो. पांढऱ्याचा दुसरा घोडा आधीच एफ३ वर असल्याने ७. घोडा ई५ ही चाल एक खेळी आधी मिळते. ७... उंट एच७ ८. वजीर एच५ जी६ ९. उंट सी४! आणि काळ्याने जी×एच५ करून वजीर मारला तर १०. उंट×एफ७ ने मात होते, कारण डी७ चे घर ई५ वरच्या घोड्याने अडवलेले असते. काळ्याने ९... ई६ खेळून मात टाळली तरी त्याची राजाची बाजू दुबळी झालेली असते. एक्सप्लोररमध्ये खालच्या पट्ट्यात ४... उंट एफ५ पुष्कळदा खेळलेली आढळते. मास्टरांच्या साठ्यात त्याऐवजी ३... उंट जी४ किंवा ४... घोडा एफ६ यांच्याकडे कल दिसतो. दोन साठ्यांतली ही तफावत दिसली की समजावे, इथे काहीतरी शिकण्यासारखे दडलेले आहे.

पुस्तक कसे पारखावे

पुस्तकाची पारख मी पाच-सहा स्थितींनी करतो. शोधयादीतल्या कोऱ्या जागांपैकी काही स्थिती निवडाव्यात आणि प्रकाशकाने विनामूल्य दिलेला नमुना-भाग किंवा पुस्तकाच्या शेवटची व्हेरिएशनांची सूची उघडून त्या स्थितींना उत्तर आहे का ते पाहावे. अॅडव्हान्समधील ३... उंट एफ५ ४. एच४ ही माझी आवडती कसोटी आहे. इथे काळ्याने नेहमीच्या सवयीने ४... ई६ खेळले तर ५. जी४ उंट ई४ ६. एफ३ उंट जी६ ७. एच५ ने उंट पकडला जातो, म्हणून ४... एच५ किंवा ४... एच६ खेळावे लागते. हे जे पुस्तक केवळ तळटीपेत सांगते आणि ४... एच५ नंतर पांढऱ्याच्या उंट जी५ व सी४ या योजनांना काय करायचे ते सांगत नाही, ते पुस्तक आपल्या पातळीसाठी अपुरे आहे.

त्यानंतर प्रकाशनाचे वर्ष पाहावे. २०२० मध्ये स्टॉकफिश या विनामूल्य इंजिनात (चाली तपासणाऱ्या संगणक प्रोग्राममध्ये) न्यूरल नेटवर्कवर आधारित मूल्यमापन आले आणि अनेक जुने निष्कर्ष बदलले. कॅरो-कानमध्ये याचे ठळक उदाहरण म्हणजे मुख्य शाखेतील ४... घोडा एफ६ ५. घोडा×एफ६+ ई×एफ६ ही टार्टाकोव्हरची पद्धत. काळ्याची एफ-स्तंभात दुहेरी प्यादी होतात, वजिराच्या बाजूला पांढऱ्याची चार प्यादी काळ्याच्या तिघांविरुद्ध उभी राहतात, आणि सगळी मोहरी मारली गेली तर प्याद्यांचा शेवट काळ्याला वाईट जातो; या कारणाने जुनी पुस्तके तिला दुय्यम मानत. अलीकडे राजाच्या बाजूने एच५ ढकलण्याच्या कल्पनेमुळे ती अव्वल खेळाडूंच्या पटांवरही मानाने खेळली जाते. तरीही जुने पुस्तक टाकून देऊ नये. प्याद्यांच्या रचनेचे आणि योजनांचे स्पष्टीकरण सहसा जुने होत नाही. ठोस चालींचा क्रम मात्र इंजिनावर तपासून घ्यावा.

नावानिशी सांगायचे तर कॅरो-कानसाठी इंग्लंडच्या आंतरराष्ट्रीय मास्टर योवांका हुस्का यांचे एव्हरीमन प्रकाशनाचे २०१५ मधील ‘ओपनिंग रेपरटॉयर : द कॅरो-कान’ हे पुस्तक पहिले म्हणून विचारात घेता येईल, कारण ते काळ्याच्या बाजूने एक सलग संच मांडते. दोन्ही बाजूंच्या सगळ्या शक्यता नोंदवणारे विश्वकोशी पुस्तक आणि एकाच बाजूने निवड करून देणारे पुस्तक यांत सुरुवातीला दुसऱ्या प्रकारचेच घ्यावे. ज्यांना ई४ ला ई५ ने उत्तर द्यायला आवडते त्यांनी अमरावतीचे ग्रँडमास्टर स्वप्नील धोपाडे यांच्या ‘प्लेइंग द पेट्रॉफ’ या क्वालिटी चेसने २०२० मध्ये प्रकाशित केलेल्या पुस्तकाकडे वळावे. विदर्भातल्या खेळाडूने काळ्या मोहऱ्यांच्या एका जुन्या, भक्कम बचावावर जागतिक दर्जाच्या प्रकाशनासाठी पुस्तक लिहावे ही आपल्या सर्वांसाठी अभिमानाची गोष्ट आहे. पेट्रॉफ निवडणाऱ्याने मात्र सांगाड्याच्या कागदावर किंग्ज गॅम्बिट, व्हिएन्ना आणि २. उंट सी४ यांच्यासाठी वेगळ्या ओळी ठेवाव्यात, कारण पेट्रॉफ पांढऱ्याच्या २. घोडा एफ३ नंतरच सुरू होतो.

एका बचावासाठी एकच मुख्य स्रोत, हा नियम कसोशीने पाळावा. दोन पुस्तके, एक कोर्स आणि एक व्हिडिओमाला यांतून थोडे थोडे घेतले की अॅडव्हान्समध्ये एक लेखक ३... उंट एफ५ सांगतो, दुसरा ३... सी५ सांगतो, आणि पटावर आठव्या चालीला दोन्हींची सरमिसळ होते. दुसरा स्रोत उघडावा तो पहिल्याने अनुत्तरित ठेवलेल्या प्रश्नापुरताच.

कोर्स, व्हिडिओ आणि पाठांतर

चेसेबल या संकेतस्थळावरचे कोर्स ठरावीक अंतराने उजळणी करून घेतात. आज चुकलेली चाल काही तासांनी पुन्हा विचारली जाते, बरोबर आलेली काही दिवसांनी. तिथे अनेक मोठ्या कोर्सांची छोटी, विनामूल्य आवृत्ती मिळते आणि ती आधी पूर्ण करून पाहणे हा लेखकाची शैली जोखण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. मोठ्या कोर्सात शेकडो शाखा असतात. त्या सगळ्या पाठ करण्याच्या मागे लागू नये. एक्सप्लोररवरून काढलेल्या क्रमाने वरच्या शाखा घ्याव्यात आणि बाकीच्या बंद ठेवाव्यात. पैसे न भरता अशीच उजळणी हवी असेल तर चेस टेम्पो आणि लिस्टडी ही संकेतस्थळे आपली स्वतःची पीजीएन फाइल घेऊन तिच्यावर सराव करू देतात. माझ्या मते दुसऱ्याच्या कोर्सपेक्षा स्वतः तयार केलेल्या फाइलीची उजळणी अधिक टिकते.

व्हिडिओ पाहताना पट आणि मोहरी समोर मांडावीत व प्रत्येक चालीपूर्वी थांबवून आपली चाल लिहावी. हॅम्बुर्गच्या चेसबेस कंपनीचे ओपनिंगवरचे व्हिडिओ-संच ग्रँडमास्टरांनी केलेले असतात. भारतात चेसबेस इंडिया ही संस्था, जिच्यामागे सागर शहा आणि अमृता मोकल यांचे कष्ट आहेत, हे साहित्य रुपयांत उपलब्ध करून देते आणि आपल्या यूट्यूब वाहिनीवर विनामूल्यही पुष्कळ शिकवते. व्हिडिओतून योजना उमगतात. चालींचा नेमका क्रम तपासायला मात्र पुन्हा फाइलीकडे यावे लागते.

क्रम का महत्त्वाचा याचा दाखला न्यूयॉर्कमध्ये ११ मे १९९७ रोजी मिळाला. डीप ब्लू या संगणकाविरुद्धच्या सहाव्या आणि शेवटच्या डावात जगज्जेता कास्पारोव्ह कॅरो-कान खेळला. मुख्य शाखेत ४... घोडा डी७ ५. घोडा जी५ घोडा जी-एफ६ (जी-स्तंभातला घोडा एफ६ वर) ६. उंट डी३ ई६ ७. घोडा १-एफ३ (पहिल्या ओळीतला घोडा एफ३ वर) नंतर आधी उंट डी६ खेळणे योग्य होते, त्याने ७... एच६ खेळले, ८. घोडा×ई६ चे बलिदान आले आणि डाव एकोणीस चालींत संपला. याच ४... घोडा डी७ शाखेत ५. वजीर ई२ घोडा जी-एफ६ ६. घोडा डी६ मात, हा सापळा दरवर्षी कुठल्यातरी शालेय स्पर्धेत कोणाला तरी गिळतो, कारण ई७ चे प्यादे वजिरामुळे जखडलेले असते हे घाईत ध्यानात येत नाही. ही शाखा निवडणाऱ्याने आपल्या फाइलीत ही दोन्ही ठिकाणे लाल खुणेने नोंदवावीत.

आदर्श डाव

ओपनिंगचे साहित्य म्हणजे केवळ चालींच्या फांद्या असा समज असेल तर तो सोडून द्यावा. काळ्या मोहऱ्यांनी खेळताना बारावी चाल झाल्यावर पुस्तक संपते आणि सहसा तिथे ‘बरोबरी’ असा शेरा असतो. त्या बरोबरीच्या स्थितीत पुढे काय करायचे हे आदर्श डावांतूनच शिकता येते, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या शोधातला हाच सर्वांत मोलाचा भाग आहे.

कॅरो-कानसाठी तीन जगज्जेत्यांचे डाव गोळा करावेत. बोट्व्हिनिकने १९५८ च्या परतीच्या सामन्यात स्मिस्लॉव्हविरुद्ध आणि १९६० व १९६१ मध्ये तालविरुद्ध हा बचाव वापरला. १९६१ मध्ये अॅडव्हान्सला ३... सी५ हे उत्तर त्याने खेळून दाखवले. पेट्रोस्यान आणि पुढे कार्पोव्ह यांच्या डावांत काळा कसा घाई न करता हळूहळू पकड घेतो हे दिसते. स्लाव्हसाठी अलेखाइन आणि युव्हे यांचे १९३५ व १९३७ चे सामने आणि २००६ चा एलिस्टामधील क्रॅमनिक-टोपालोव्ह सामना हे भरघोस साठे आहेत. हे डाव चेसगेम्स या संकेतस्थळावर ईसीओ संकेतांकाने शोधता येतात. ताज्या डावांसाठी मार्क क्राउदर १९९४ पासून चालवत असलेले ‘द वीक इन चेस’ दर आठवड्याला जगभरातील स्पर्धांची पीजीएन फाइल विनामूल्य देते. ती स्किड व्हर्सेस पीसी या विनामूल्य प्रोग्राममध्ये घेतली की स्वतःचा डेटाबेस तयार होऊ लागतो.

शोध घेताना अटी कडक लावाव्यात : संकेतांक बी१३, दोन्ही खेळाडू २४०० च्या वर, निकाल काळ्याच्या बाजूने, चाली तीसपेक्षा अधिक. मिळालेल्या डावांतून प्रत्येक रचनेसाठी तीन-चारच निवडावेत. एक्सचेंजमध्ये काळ्याला सी-स्तंभ मोकळा मिळतो, पांढऱ्याला ई-स्तंभ. काळा बी५-बी४ ढकलून पांढऱ्याच्या सी३ प्याद्यावर दबाव आणतो. ही योजना क्वीन्स गॅम्बिटच्या एक्सचेंजमध्ये पांढरा करतो तीच आहे, बाजू तेवढ्या बदललेल्या. म्हणून क्वीन्स गॅम्बिटच्या पुस्तकातला अल्पसंख्य प्याद्यांच्या हल्ल्यावरचा भागही कॅरो-कान खेळणाऱ्याच्या उपयोगाचा ठरतो. उलट बाजूही पाहावी : १९७० मध्ये बेलग्रेडला सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग या सामन्यात फिशरने ४. उंट डी३ खेळून पेट्रोस्यानला हरवले. काळा कसा हरतो हे माहीत असलेला खेळाडू धोका लवकर ओळखतो. पानोव्ह हल्ल्यात बहुधा पांढऱ्याला डी४ वर एकटे प्यादे मिळते, त्यामुळे एकट्या प्याद्याविरुद्धच्या खेळावर कुठेही चांगले प्रकरण दिसले तर ते आपल्याच संचाचे समजून वाचावे.

स्वतःची फाइल आणि इंजिन

जमवलेले सर्व एका ठिकाणी यावे यासाठी लिचेसवर ‘स्टडी’ उघडावी आणि ती खासगी ठेवावी. एका स्टडीत ६४ प्रकरणे मावतात. पांढऱ्याच्या प्रत्येक प्रमुख चालीला एक प्रकरण आणि त्याशेजारी एक आदर्श डाव अशी मांडणी सोयीची पडते. प्रत्येक शाखेच्या शेवटी मराठीत दोन-तीन वाक्ये लिहावीत : उंट कुठे जातो, कोणते मोहरे अदलाबदलीत द्यायचे, सी५ केव्हा ढकलायचे. ही वाक्ये स्वतःच्या शब्दांत लिहिता आली नाहीत तर ती शाखा समजलेली नाही असे धरावे. स्टडीची पीजीएन उतरवून संगणकावर एक प्रत ठेवावी.

स्टॉकफिश शेवटी सुरू करावे. ओपनिंगमध्ये पांढऱ्याला ०.३ किंवा ०.४ (एक प्यादे म्हणजे १.० या हिशेबाने) ची आघाडी दाखवली म्हणून काळ्याने शाखा बदलू नये. पहिली चाल पांढऱ्याची असल्याने एवढे अंतर स्वाभाविक आहे. तीन चाली एकाच वेळी दाखवण्याची सोय चालू करून पाहावे की काळ्याकडे एकच चाल टिकणारी आहे की तीन-चार चालतात. ज्या शाखेत काळ्याला सलग पाच वेळा एकमेव अचूक चाल शोधावी लागते ती इंजिनाने ०.० दिली तरी स्पर्धेसाठी घेऊ नये, आणि जिथे ०.४ असूनही चाली सहज सुचतात ती घ्यावी.

डावानंतरचा आणि डावाआधीचा शोध

स्पर्धा संपल्यावर काळ्या मोहऱ्यांचे डाव स्टडीत टाकून प्रत्येक डाव आपल्या फाइलीपासून कितव्या चालीला वेगळा झाला आणि कोणी वेगळा केला एवढेच आधी नोंदवावे. आपण विसरलो असलो तर उजळणी हवी. प्रतिस्पर्ध्याने फाइलीत नसलेली चाल खेळली असेल तर ती चाल शोधयादीत जाते. पंधराव्या चालीपर्यंत सर्व ठीक असून डाव नंतर गेला असेल तर ओपनिंगचे नवे साहित्य आणण्याची गरजच नाही. त्या रचनेचे आदर्श डाव आणि लिचेसवरची ओपनिंगनुसार लावलेली कोडी यांकडे वळावे. कॅरो-कान आणि स्लाव्ह यांची कोडी तिथे वेगळी निवडता येतात.

फेरीपूर्वी जोड्या बहुधा चेस-रिझल्ट्स या संकेतस्थळावर लागतात. प्रतिस्पर्ध्याचे डाव डेटाबेसमध्ये मिळाले तर तो ई४ खेळतो की डी४, आणि कॅरो-कानविरुद्ध कोणती तिसरी चाल धरतो, एवढेच पाहून आपल्या फाइलीतले ते एक प्रकरण वाचावे. त्या रात्री नवीन शाखा शोधू नये. नव्या शाखेसाठी स्पर्धांमधला मोकळा काळ ठेवावा, आधी ती ऑनलाइन रॅपिड डावांत खेळून पाहावी, आणि त्या डावांत आपली उत्तरे पटापट सुचू लागली की मगच जुन्या शाखेच्या जागी तिला सांगाड्याच्या कागदावर लिहावे.